जूडा मोनिस : एका हिब्रू व्याकरणकाराचे चरित्र

अमेरिकेतील विद्यापीठीय शिक्षणाच्या इतिहासात जूडा मोनिस यांचे नाव दोन कारणांसाठी घेतले जाते. हार्व्हर्ड महाविद्यालयात हिब्रू भाषेचे अध्यापक म्हणून नेमले गेलेले ते पहिले गृहस्थ. आणि अमेरिकेत छापलेले पहिले हिब्रू व्याकरण त्यांचे. १६८३ मध्ये त्यांचा जन्म झाला, १७६४ मध्ये ते वारले, आणि या दीर्घ आयुष्यातील अडतीस वर्षे त्यांनी एकाच संस्थेत एकच विषय शिकविण्यात घालविली. एवढ्या साध्या चरित्रावर वादाचे मोहोळ उठावे असे वरवर पाहता त्यात काही नाही. तथापि मोनिस यांच्याविषयी जे लिहिले गेले आहे त्यात दोन निवाडे पुनःपुन्हा आढळतात. एक असा की, नोकरीसाठी स्वधर्म सोडणारा हा एक व्यवहारी मनुष्य होता. दुसरा असा की, तो एक रटाळ शिक्षक होता आणि त्याच्यामुळे विद्यार्थ्यांना हिब्रूचा वीट आला. आम्हांस हे दोन्ही निवाडे अपुरे वाटतात. ते मोनिस यांच्या आयुष्यातील प्रसंगांवरून दिलेले आहेत. त्यांच्या ग्रंथांवरून दिलेले नाहीत. ग्रंथकाराचा न्याय करावयाचा तर त्याच्या ग्रंथांची साक्ष आधी घेतली पाहिजे, हे आमच्या मते टीकाकाराचे पहिले कर्तव्य होय.

मोनिस ज्या समाजात आले त्याचे हिब्रूशी असलेले नाते प्रथम ध्यानी घेतले पाहिजे. न्यू इंग्लंडमध्ये वस्ती करणारे प्युरिटन लोक स्वतःस नवे इस्राएल समजत. बायबलाचा जुना करार मूळ भाषेत वाचता येणे ही त्यांच्या दृष्टीने विद्वत्तेची शोभा नव्हती; तो धर्माचरणाचाच भाग होता. प्लिमथ वसाहतीचे गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड यांनी म्हातारपणी हिब्रू शिकण्यास आरंभ केला आणि वसाहतीच्या इतिहासाच्या आपल्या हस्तलिखितात हिब्रू शब्दांच्या याद्या स्वतःच्या हाताने लिहून ठेवल्या. हार्व्हर्डची स्थापना १६३६ मध्ये झाली, आणि आरंभापासूनच तेथील अभ्यासक्रमात हिब्रूस स्थान होते. परंतु ही हिब्रू कशी होती? ती पुस्तकातून पुस्तकात जाणारी होती. ज्यांच्या घरात सकाळ-संध्याकाळ त्या भाषेत प्रार्थना होतात असे लोक त्या वसाहतीत जवळजवळ नव्हतेच. गीर्वाणवाणीचा आदर करावा, पण ती ज्यांच्या मुखी परंपरेने आली त्यांचे दर्शनही नसावे, असा हा प्रकार. त्यातही ते लोक भेटलेच तर त्यांना ख्रिस्ती करून घ्यावे, ही तळमळ होतीच. भाषेचे प्रेम आणि भाषिकांविषयीचा असंतोष या दोन गोष्टी तेथे एकाच मनात सुखाने नांदत होत्या. मोनिस यांचे सारे आयुष्य या विसंगतीत गेले आहे.

त्यांच्या पूर्वायुष्याविषयी जे कळते ते थोडके आहे. ते पोर्तुगीज वंशाच्या ज्यू कुळातील. शिक्षण लिव्होर्नो आणि अ‍ॅम्स्टरडॅम या नगरांत झालेले. ही दोन्ही त्या काळी स्पेन-पोर्तुगालमधून परागंदा झालेल्या ज्यूंची भरभराटीची व विद्येची ठाणी होती. १७१६ च्या सुमारास न्यू यॉर्कच्या नागरिकांत एक व्यापारी म्हणून त्यांची नोंद झालेली दिसते. पुढे ते मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिजला आले, आणि १७२० मध्ये आपण रचलेल्या हिब्रू व्याकरणाचे हस्तलिखित त्यांनी हार्व्हर्डच्या चालकांपुढे ठेवले. त्याच वर्षी त्यांस एम.ए. ही पदवी मिळाली. अमेरिकेत महाविद्यालयीन पदवी मिळविणारे ते पहिले ज्यू होत. येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. पदवी मिळाली तेव्हा ते ज्यूच होते. विद्येस मान देण्यास धर्म आड आला नाही. तो आड आला नेमणुकीस. १७२२ च्या मार्च महिन्याच्या २७ तारखेस महाविद्यालयाच्या सभागृहात, जमलेल्या लोकांसमक्ष, त्यांचा बाप्तिस्मा झाला. प्रवचन बोस्टनचे धर्मोपदेशक बेंजामिन कोलमन यांनी केले. एप्रिलच्या ३० तारखेस मोनिस यांची हिब्रूचे अध्यापक म्हणून नेमणूक झाली. वर्षाला पन्नास पौंड वेतन ठरले. मध्ये पुरते पाच आठवडेही गेले नाहीत. व्यवहारी म्हणणाऱ्यांचा सगळा भर या पाच आठवड्यांवर आहे, आणि तो भर निराधार आहे असे म्हणता येणार नाही.

परंतु बाप्तिस्म्याच्या निमित्ताने मोनिस यांनी तीन निबंध लिहिले, व ते त्याच वर्षी बोस्टनला छापून प्रसिद्ध झाले. न्यायालयातील शपथेचे तीन तुकडे करून त्यांची नावे ठेवलेली आहेत : ‘सत्य’, ‘संपूर्ण सत्य’ आणि ‘सत्याखेरीज काही नाही’. पहिल्यास वृद्ध इन्क्रीज मॅथर यांची प्रस्तावना आहे. मसीहा अजून यावयाचा आहे हे सिद्ध करण्यासाठी ज्यू पंडित जी नऊ प्रमुख कारणे देतात त्यांचे खंडन पहिल्या निबंधात आहे. ज्यू लोक अद्याप ख्रिस्ती का झाले नाहीत याची मीमांसा आणि ख्रिस्ताच्या देवत्वाचे प्रतिपादन दुसऱ्यात आहे. तिसऱ्यात त्रैक्याचा सिद्धान्त मांडला आहे. वाङ्मय म्हणून पाहता हे निबंध सामान्य आहेत. पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष यांची ओळीने मांडणी, वचनांमागून वचने, आणि मनुष्य म्हणून लेखकाचा कोठेही उच्चार नाही. ज्या निर्णयाने आपले गणगोत कायमचे तुटले त्याविषयी एखादे वाक्य तरी येईल म्हणून वाचक वाट पाहतो. ते येत नाही.

येथे आपल्याकडील एका ग्रंथाची आठवण होणे अपरिहार्य आहे. बेळगावात जन्मलेले बाबा पदमनजी १८५४ मध्ये ख्रिस्ती झाले आणि पुढे त्यांनी ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात आपल्या मनाच्या आंदोलनांचा इतिहास लिहिला. त्यांची मते कोणास पटोत वा न पटोत, एक जुने घर सोडून दुसऱ्या घरात जाताना मनुष्याचे काय होते हे त्या पुस्तकात कळते. मोनिस यांच्या निबंधांत ते कळत नाही. बाबा पदमनजी स्वतःविषयी बोलतात. मोनिस केवळ पक्ष मांडतात. कदाचित त्यांच्या श्रोत्यांस त्यांच्या मनाशी कर्तव्यच नव्हते. त्यांना हवा होता तो साक्षीदार, आणि शीर्षकांतील ती न्यायालयाची भाषा पाहिली म्हणजे मोनिस यांसही हे पुरते ठाऊक होते असे वाटू लागते.

असे असले तरी या तीन निबंधांत एक गोष्ट अशी आहे की तीमुळे ते आम्हांस महत्त्वाचे वाटतात. ख्रिस्ती मताच्या समर्थनासाठी मोनिस आधार घेतात ते ख्रिस्ती आचार्यांचे नव्हेत. पहिल्या निबंधात उत्तरे दिली आहेत ती प्राचीन रब्बींच्या प्रामाण्यावर. दुसऱ्यात ख्रिस्ताचे देवत्व सिद्ध करताना पुन्हा पूर्वीचे ज्यू ग्रंथकार पुढे येतात. तिसऱ्यात तर त्रैक्यासाठी कब्बालापंथी रब्बींना, जुन्या आणि नव्या दोन्ही, पाचारण केले आहे. वादाची ही पद्धत मोनिस यांनी शोधून काढलेली नव्हती. युरोपातील धर्मांतरित ज्यूंच्या लेखनात ती जुनीच आहे, आणि प्रतिपक्षास त्याच्याच शास्त्राने जिंकणे हा तिचा हेतू. परंतु मॅसॅच्युसेट्समध्ये प्रतिपक्ष होता कोठे? समोर बसलेले श्रोते सगळे ख्रिस्ती. कब्बालाच्या आधाराखेरीजही त्यांचा त्रैक्यावर विश्वास होताच. तेव्हा हे ग्रंथ मोनिस यांनी कोणासाठी उघडले? आमचे उत्तर असे की, दुसरे ग्रंथ त्यांच्यापाशी नव्हते. मनुष्याने पंक्ती बदलली, पण शिदोरी जुनीच राहिली. आपल्या नव्या श्रद्धेचे समर्थन ज्याला आपल्या जुन्या गुरूंच्या तोंडूनच करता येते, त्याने आपले गुरू सोडले असे म्हणणे धाडसाचे होईल.

मोनिस प्रामाणिक होते की नाही, हा प्रश्न म्हणूनच आम्हांस चुकीच्या रीतीने विचारलेला वाटतो. ते केंब्रिजच्या चर्चचे सभासद राहिले. १७२४ मध्ये अ‍ॅबिगेल मॅरेट या ख्रिस्ती स्त्रीशी त्यांनी विवाह केला. मरताना त्यांनी गरीब धर्मोपदेशकांच्या विधवांसाठी रक्कम ठेवली. ज्याचा सारा डाव नोकरीपुरता होता त्याने नोकरी सुटल्यावर असे मृत्युपत्र केले नसते. याच्या उलट ते शनिवारी शब्बाथ पाळीत असेही सांगितले जाते, आणि समकालीनांच्या मनातील संशय कधी पूर्णपणे मावळला नाही. दोन्ही गोष्टी एकाच मनुष्याच्या ठायी खऱ्या असण्यास आम्हांस काही अडचण दिसत नाही.

आता त्यांच्या व्याकरणाकडे वळू. हे पुस्तक छापले जाण्यापूर्वी हार्व्हर्डचे विद्यार्थी मोनिस यांच्या हस्तलिखिताच्या नकला स्वहस्ते करून घेत. नकलेत बराच वेळ जाई आणि चुका वाढत, अशी तक्रार होती. हिब्रू टाइप वसाहतीत मिळणे दुरापास्त. लंडनचे व्यापारी टॉमस हॉलिस हे हार्व्हर्डचे मोठे आश्रयदाते. त्यांच्या देणगीतून टाइप आला, आणि १७३५ मध्ये बोस्टनला जोनस ग्रीन यांच्या छापखान्यात पुस्तकाच्या एक हजार प्रती निघाल्या. विक्री खुद्द ग्रंथकाराच्या केंब्रिजमधील घरी होत असे. पन्नास पौंडांत भागत नसल्याने त्यांनी तंबाखू आणि किरकोळ लोखंडी सामानाचे एक लहान दुकानही चालविले होते. पहिल्या अमेरिकन हिब्रू व्याकरणाची विक्री खिळे आणि तंबाखू यांच्या शेजारी होत असेल हे चित्र कोणास हास्यास्पद वाटेल. आम्हांस ते वाटत नाही.

या पुस्तकाचे शीर्षक हाच त्यातील सर्वांत बोलका भाग आहे. हिब्रू भाषेचे व्याकरण या अर्थाचे तीन हिब्रू शब्द मोनिस यांनी रोमन अक्षरांत दिले आहेत, आणि ते आपल्या लिपीत उतरावयाचे तर ‘दिकदूक लेशोन ग्नेब्रीत’ असे काहीतरी होईल. ज्या शब्दाचा उच्चार ‘इव्रीत’ म्हणून आज सर्वत्र होतो त्याच्या आरंभी हा ‘ग्न’ आला कोठून? त्या शब्दाचे आद्याक्षर ‘आयिन’. अरबी मुलखातील ज्यू ते कंठाच्या मुळातून काढीत. जर्मन व पोलिश ज्यूंच्या तोंडी ते लोपले. पोर्तुगीज आणि इटालियन ज्यूंनी मात्र त्यास नासिक्य ध्वनी दिला होता, आपल्या ‘वाङ्मय’ शब्दातील ङकाराच्या जवळचा. लिव्होर्नो आणि अ‍ॅम्स्टरडॅम येथील सभास्थानांत प्रार्थना चालत त्या याच उच्चाराने. युरोपातील ख्रिस्ती प्राध्यापकांच्या लॅटिन व्याकरणांत अडकलेल्या हार्व्हर्डला मोनिस यांनी दिली ती ही मुखपरंपरेची हिब्रू, लहानपणी गुरूपुढे डोलत डोलत घोकलेली. धर्म बदलला, नागरिकत्व बदलले, लेखनाची भाषा इंग्रजी झाली; आयिन मात्र पोर्तुगीज ज्यूचाच राहिला, आणि तोही मुखपृष्ठावर. त्यांच्या निबंधांत जे आत्मचरित्र आम्ही शोधीत होतो ते आम्हांस या एका अक्षरात सापडले.

पुस्तकाचे गुणदोष सांगावयाचे तर, विद्यार्थ्यास लॅटिनच्या फेऱ्यात न घालता इंग्रजीतून हिब्रू समजावून द्यावी हा त्याचा मुख्य हेतू आहे. आणि ज्यांस गुरू लाभणे शक्य नाही त्यांस स्वतःच्या अभ्यासाने ती भाषा यावी असेही मोनिस यांनी शीर्षकपृष्ठावरच म्हटले आहे. हेतू उत्तम. परंतु इंग्रजी ही ग्रंथकाराची उशिरा शिकलेली भाषा. तीमुळे जे सुगम व्हावे तेच पुष्कळदा दुर्गम होते. वर्ण, स्वरचिन्हे, धातूंची रूपे यांवर त्यांचे प्रभुत्व वादातीत आहे. पण प्रभुत्व आणि मांडणी या दोन निराळ्या कला होत. जे आपणास बालपणापासून अवगत आहे ते दुसऱ्यास अवघड का जाते याची कल्पना अशा शिक्षकास येणे कठीण असते. आपल्याकडील वैदिकांनी पाठशाळेबाहेर शिकविताना हाच अनुभव दिला आहे. पुस्तकात वाचनासाठी प्रभूची प्रार्थना आणि प्रेषितांचा विश्वासांगीकार यांची हिब्रू रूपांतरे घातली आहेत. ही योजना समाजमान्य होती खरी, तरी ज्या भाषेत हे दोन्ही पाठ मुळात आलेले नाहीत तीत ते उलटे ओतून विद्यार्थ्यापुढे ठेवणे म्हणजे भाषेचा रस आटवून टाकणेच होय. स्तोत्रांचे पुस्तक जवळ असताना हे का करावे?

शिक्षक म्हणून मोनिस अपयशी ठरले, हा आक्षेप अर्धाच खरा आहे. पहिल्या वर्षाखेरीज सर्व विद्यार्थ्यांस हिब्रू सक्तीची होती, आणि सक्तीच्या विषयाचा शिक्षक लोकप्रिय झाल्याची उदाहरणे कोणत्याही देशात थोडीच. शिवाय दोष मोनिस यांचा म्हणावा तर १६५३ सालचे काय करावयाचे? त्या वर्षी मायकेल विगल्सवर्थ या तरुण अध्यापकाकडे त्याचे सगळे शिष्य येऊन, आम्हांस हिब्रूतून सोडवा अशी विनवणी करू लागले, आणि आपण ती निकराने फेटाळली, असे त्याने दैनंदिनीत लिहून ठेवले आहे. तेव्हा मोनिस यांच्या जन्मास तीस वर्षे अवकाश होता. कंटाळा जुना होता. मोनिस यांच्या काळी त्याला अंगुलिनिर्देश करण्यास एक परदेशी मनुष्य मिळाला, इतकेच.

मुळात त्यांचे कार्य अशक्यप्राय होते. भाषा एका समाजाची; शिकणारे दुसऱ्या समाजाचे; आणि शिकविणारा पहिल्यातून निघालेला व दुसऱ्यात न मुरलेला. याच्याशी ताडून पाहण्याजोगा एक प्रयत्न मराठीत झाला आहे. १८३२ मध्ये मुंबईस स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी कोकणातील बेने इस्राएल लोकांसाठी हिब्रू व्याकरणाची मूलतत्त्वे मराठीत लिहून प्रसिद्ध केली. हार्व्हर्डमध्ये ज्यू ख्रिस्त्यांस शिकवीत होता. येथे ख्रिस्ती ज्यूंस शिकवू लागला. हेतू दोहींकडे एकाच दिशेचा होता. परंतु बेने इस्राएल लोकांनी व्याकरण घेतले आणि बाप्तिस्मा नाकारला. पुढे त्यांच्यातूनच जोसेफ इझिकिएल राजपूरकर (१८३४–१९०५) यांच्यासारखे पंडित निघाले व त्यांनी हिब्रू प्रार्थनापुस्तके मराठीत आणली. याचे कारण विल्सन यांचे पुस्तक मोनिस यांच्याहून सरस होते असे नव्हे. ते पुस्तक ज्या घरांत गेले तेथे सणवार होते, शब्बाथचा दिवा होता, वर्षानुवर्षे अर्थ न कळताही म्हटलेले ‘शेमा’ होते. व्याकरणास उभे राहण्यास जागा होती. केंब्रिजमध्ये मोनिस यांचे व्याकरण उभे राहिले ते परीक्षेच्या कागदावर.

आणखी एक तुलना याहून कठोर आहे. १७३५ मध्येच, इंग्लंडमधील मूळ केंब्रिजला, इस्राएल लायन्स या पोलिश ज्यूने आपले हिब्रू व्याकरण प्रसिद्ध केले. लायन्स यांचा चांदीचा व्यवसाय होता आणि विद्यापीठातील मंडळींस ते हिब्रू शिकवीत. त्यांनी धर्म बदलला नाही. त्यांस पद, पदवी वा बाप्तिस्म्याचा सोहळा यांतील काहीच मिळाले नाही. दोन केंब्रिज, दोन ज्यू, दोन दुकाने, दोन व्याकरणे आणि वर्ष एकच. १७६० मध्ये अ‍ॅबिगेल वारल्या आणि मोनिस यांनी अध्यापन सोडले. तेव्हा ते सत्त्याहत्तर वर्षांचे होते. त्यांची जागा स्टीव्हन स्यूएल या त्यांच्या तरुण विद्यार्थ्याने घेतली. १७६३ मध्ये हार्व्हर्डसाठी नवे हिब्रू व्याकरण बोस्टनला छापले गेले तेव्हा ते मुख्यतः कोणाच्या आधारे संकलित केले हे शीर्षकपृष्ठावरच सांगितलेले आहे : इंग्लंडच्या केंब्रिजमधील हिब्रूचे शिक्षक इस्राएल लायन्स आणि धर्मोपदेशक रिचर्ड ग्रे. मोनिस तेव्हा जिवंत होते. अडतीस वर्षे त्या संस्थेत राबलेल्या धर्मांतरित ज्यूच्या ग्रंथाऐवजी, धर्म न बदललेल्या दूरच्या ज्यूचा ग्रंथ त्या संस्थेस अधिक उपयोगी वाटला. स्यूएल यांची निवड विषयदृष्ट्या चुकीची होती असे आम्ही म्हणत नाही. लायन्स यांची मांडणी अधिक सुटसुटीत आहे. परंतु मोनिस यांच्याकडून जी किंमत घेण्यात आली ती विद्येची किंमत नव्हती, हे त्या एका पृष्ठाने उघड केले आहे. पुढच्याच वर्षी टॉमस हॅन्कॉक यांच्या देणगीतून हिब्रूचे प्राध्यापकपद निर्माण झाले आणि ते स्यूएल यांस मिळाले. मोनिस अखेरपर्यंत केवळ अध्यापक होते.

शेवटची वर्षे त्यांनी नॉर्थबरो येथे, मेहुणीचे पती व तेथील धर्मोपदेशक जॉन मार्टिन यांच्या घरी काढली. अपत्य नव्हते. १७६४ च्या एप्रिलच्या २५ तारखेस ते वारले. नॉर्थबरोच्या दफनभूमीतील त्यांच्या शिळेवर काही पद्यपंक्ती कोरलेल्या आहेत. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रातील जैतुनाच्या फांदीचे रूपक त्यांत घेतले आहे : याकोबाच्या मूळ वृक्षाची ही फांदी तुटली होती, ती पुन्हा जिवंत खोडावर कलम केली गेली. पद्य कोणी रचले असेल ते असो, त्यात धर्मोपदेशकाची समजूत आहे. मोनिस यांचा आवाज त्यात नाही. पद्याच्या वर गद्यात त्यांचा परिचय आहे. ते जन्माने व धर्माने ज्यू होते, १७२२ मध्ये केंब्रिजला त्यांचा बाप्तिस्मा झाला, हार्व्हर्डमध्ये ते हिब्रू शिकवीत, एवढे त्यात आले आहे. आणि बाप्तिस्म्यास बेचाळीस वर्षे लोटल्यावर, ख्रिस्ती दफनभूमीत, ख्रिस्ती आप्तांनी उभारलेल्या त्या दगडावर, जूडा मोनिस या नावाआधी शब्द कोरला आहे तो ‘रब्बी’ असा.